मागच्या पायातल्या स्नायूची ताकद नुसत्या वजनावरून ठरवता येते का?

नाही येत. दोन प्राण्यांच्या मागच्या पायातले स्नायू काढायचे, वजन करायचं, जो जड तो ताकदवान, हे चालेल का असं तुम्ही विचारलंय. वजन लागतंच, पण सगळा खेळ तंतूंच्या लांबीचा आहे.

स्नायूचा जोर किती तंतू शेजारी शेजारी ओढतात त्यावर ठरतो. म्हणून वजनाला घनतेने (ताज्या स्नायूसाठी १.०६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) आणि तंतूंच्या लांबीने भागायचं, आणि तंतू कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) ज्या कोनात भिडतात त्याच्या कोसाइनने गुणायचं. येतं ते सगळ्या तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ. समजा स्नायू १०० ग्रॅमचा, तंतू ५ सेंमी, कोन २० अंश. उत्तर साधारण १७.७ चौरस सेंमी. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३० न्यूटन धरले, तर जोर ५३० न्यूटनच्या आसपास.

आता नवखे लोक हमखास काय करतात? तंतूंऐवजी अख्ख्या स्नायूची लांबी घालतात. पोटरीचे स्नायू पिसासारखे असतात. स्नायू १५ सेंमीचा, पण आतले तंतू तिरके आणि ५ सेंमीचेच. १५ घातलेत की उत्तर थेट एक तृतीयांश. उलट कोनाची सगळे उगीच धास्ती घेतात. २० अंशांचा कोन पूर्णच विसरलात तरी चूक सहा टक्क्यांची.

त्यामुळे स्नायू तंतूंच्या दिशेने उभा चिरा आणि निदान पाच-सहा ठिकाणी तंतुगुच्छ मोजा. एकाच स्नायूत वर-खाली लांबी बदलते. सांधे कोणत्या कोनात होते तेही लिहून ठेवा, कारण ताणलेल्या स्नायूतले तंतू लांबच दिसणार. ही अडचण टाळायची तर लेझरने सार्कोमिअरची (तंतूतल्या आकुंचन पावणाऱ्या सर्वांत छोट्या तुकड्याची) लांबी मोजून सगळ्या तंतूंची लांबी एकाच ठराविक सार्कोमिअर-लांबीच्या हिशोबात आणतात. तेवढी सोय नसेल, तर सगळे पाय एकाच स्थितीत ठेवून मोजा.

माझी फजिती अगदी साधी होती. पहिल्याच विच्छेदनात काढलेले स्नायू उघडे ठेवून मी पुढचे काढत बसलो. तासाभराने वजनं केली तर लहान स्नायू चक्क सुकलेले. तेव्हापासून ओला कपडा आधी, चिमटा नंतर.

कंडरेचंही गणित तसंच: वजन भागिले लांबी भागिले घनता (१.१२). कॅलिपरने जाडी घेण्यापेक्षा हे बरं, कारण कंडरा गोल नसते आणि दाबली की चपटी होते. स्नायू कुठे संपतो आणि कंडरा कुठे सुरू होते हा मात्र कायमचा वाद. कंडरा स्नायूच्या पोटात बरीच आत शिरलेली असते. एक नियम ठरवा आणि सगळ्या नमुन्यांना तोच लावा.

कंडरा नुसती दोरी नाही, ती स्प्रिंगही आहे. उंटाच्या मागच्या पायातल्या प्लँटारिस स्नायूत तंतू जवळजवळ उरलेलेच नाहीत. टाचेमागून जाते ती बहुतांशी कंडराच. तिथे तुमची वजनाची पद्धत काय सांगणार?

डावा-उजवा दोन्ही पाय मिळत असतील तर दोन्ही मोजा. एकाच जनावराच्या दोन पायांत जो फरक येईल, त्यावरून तुमचा हात किती चुकतो ते कळेल.