आधी बारा महिने मांड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शेतकरी कुटुंबांना जोडधंद्याचे आराखडे करून देण्याचं काम तू पत्करलंस, याचा फार आनंद झाला. सोबतची यादीही वाचली. कोंबड्या, मधमाश्या, अळिंबी, रोपवाटिका, शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या. यादीत चूक काही नाही, पण ती घेऊन कुणाच्या दारात जाऊ नकोस. यादी समोर आली की माणसं तिच्यातलं एक काहीतरी निवडून मोकळी होतात आणि त्याआधी जे बोलायला हवं ते राहूनच जातं.

त्याऐवजी कोरा कागद घेऊन जा. त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आख. प्रत्येकात चार गोष्टी लिहून घे: घरातल्या कुणाला किती काम, पाणी किती उरतं, पैसा कधी येतो, कधी जातो. तासभर तरी लागेल. लागू दे.

हा कागद मला एका चुकीने शिकवला. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला पाहुण्यांच्या तीन खोल्यांचा आराखडा करून दिला होता. बांधकामाचा खर्च, भाडं, हप्ते, सगळं नीट मांडलं होतं. खोल्या भरल्याही. पण पाहुणे येण्याचे दिवस नेमके सुगीचे. पहाटे गोठा, दिवसभर कापणी, मध्येच पाहुण्यांचा स्वयंपाक, रात्री चादरी धुणं, आणि यातलं बहुतेक सगळं घरच्या सुनेच्या अंगावर. माझ्या आराखड्यात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिचे तास मी फुकट धरले होते. दुसऱ्या वर्षी तिची तब्येत ढासळली, खोल्यांना कुलूप लागलं, हप्ते मात्र चालू राहिले. त्या घरी जाताना आजही माझे पाय जड होतात. म्हणून सांगतो, कागद भरताना घरातली बाई समोर बसलेली हवी आणि तिचं काम तिच्याच तोंडून लिहून घ्यायचं. नवरा सांगतो ते आणि ती सांगते ते, यांत कितीदा दुप्पट फरक निघतो.

कागद भरला की मोकळे महिने आपोआप दिसतात. मग धंदा त्या मोकळ्या जागेत बसतो का, ते पाहायचं. दुभतं जनावर रोज दोन वेळा माणूस मागतं, त्याला सुट्टी नाही. फळझाडं रोज माणूस मागत नाहीत, पण पहिली काही वर्षं हातात काही देतही नाहीत. तेवढी वर्षं घर कशावर चालणार, हे झाडं लावण्याआधी ठरायला हवं. मधमाश्यांना जमीन जवळजवळ लागत नाही, पण आसपास वर्षभर फुलोरा लागतो आणि शेजारी कधी फवारणी करतो हेही माहीत असावं लागतं.

दुसरी गोष्ट जोखमीची. मुख्य पीक ज्या कारणाने बुडतं त्याच कारणाने जोडधंदाही बुडणार असेल, तर कुटुंबाचं ओझं दुप्पट होतं, आधार एकही मिळत नाही. दुष्काळात पीक जळतं त्याच वर्षी चाराही संपतो. मग गाई कशाच्या जोरावर तगणार? अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एंटरप्राइज नावाचं गाव आहे. तिथली शेती कापसावर उभी होती. कापसाची बोंडं पोखरणारा सोंड्या भुंगा आला आणि पीक हातचं गेलं. मग शेतकरी भुईमुगाकडे वळले, सावरले, आणि १९१९ मध्ये गावाने चक्क त्या भुंग्याचं स्मारक उभारलं, कारण त्याच्यामुळे कापसाचा एकछत्री अंमल संपला होता. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणून कापसाने थकलेल्या जमिनीलाही तो मानवतो. पण तू एक फरक लक्षात ठेव. कापूस काढून सगळीकडे भुईमूगच लावला, तर ते पीक बदलणं झालं. एक गेलं तरी दुसरं उभं राहील अशी जुळणी वेगळी, आणि आपल्याला ती हवी आहे.

गावाने मिळून विचार केला तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण जपानमधलं. ओइता प्रांतातलं ओयामा हे डोंगराळ गाव. भातपिकाला जागा थोडी. सरकारचा सगळा भर भातावर असताना १९६१ मध्ये या गावाने ‘उमे आणि चेस्टनट लावू या, हवाईला जाऊ या’ अशी हाक दिली. (उमे म्हणजे आलुबुखारासारखं एक आंबट जपानी फळ.) उतारावर येणारी आणि कमी राबायला लावणारी झाडं त्यांनी निवडली. माणसांना उसंत मिळावी, हाही त्या हाकेचा अर्थ होता. पुढे १९७९ मध्ये ओइता प्रांतात ‘एक गाव, एक उत्पादन’ चळवळ उभी राहिली, तिला प्रेरणा ओयामासारख्या गावांची होती.

आता परवानग्या. हा भाग रटाळ वाटतो, पण कुटुंबं सर्वांत जास्त इथेच अडकतात. शेती करायला सहसा कुणाला विचारावं लागत नाही. इंग्लंडच्या १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानेही शेतीसाठी जमीन वापरणं हे ‘विकास’ या व्याख्येतून, म्हणजे ज्याला परवानगी लागते त्या कामांतून, वगळलं होतं. पण त्याच गोठ्यात दुकान उघडलं किंवा पाहुणे उतरवले की वापर बदलतो आणि नियमही बदलतात. इटलीने १९८५ च्या कायद्याने शेतावरच्या पर्यटनाला वाट करून दिली, पण शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, अशी अटही घातली. मला ती अट रास्त वाटते.

तेव्हा वीट विकत घेण्याआधी नियोजन खात्याच्या माणसाला जागेवर बोलाव. तिथे रस्ता दाखव: मोठी गाडी वळेल का, वळणावरून समोरचं दिसतं का? सांडपाणी कुठे जाणार? पुराचं पाणी कुठवर येतं? शेजाऱ्यांशीही अर्ज जाण्याआधी बोल. हरकत बहुधा आवाजाला किंवा वासाला असते, आणि ज्याला आधी विचारलं तो नरमाईने बोलतो. परवानगीला लागणारे महिनेही त्याच बारा रकान्यांत धर. कर्जाचा पहिला हप्ता त्याआधी सुरू होता कामा नये.

पहिल्या भेटीत धंद्याचं नावही काढू नकोस. नुसता कागद भरून आण, घरातल्या बाईच्या ओळीसकट, आणि मला पाठव. आपण मिळून तो वाचू.

तुझा,
काका