फ्लोमध्ये (पेशींवरच्या खुणा ओळखणारी फ्लो सायटोमेट्री तपासणी) बी-सेल अन् मायलॉइड अशा दोन वेगळ्या पेशींचे मार्कर आले, रिपोर्टवर एमपीएएल (मिश्र प्रकारचा अॅक्युट ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर) लिहिलंय. आता कॅरिओटाइप (पेशींतल्या क्रोमोसोमची तपासणी) करायची खरंच गरज आहे का?

आहे. अन् सॅम्पल उपचार सुरू व्हायच्या आधी घ्यायचं. "फ्लो झाली नं, आता क्रोमोसोम कशाला" हे नागपुरातच एका मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितोय.

मी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये सायटोजेनेटिक्स, म्हणजे क्रोमोसोमच्या तपासण्या बघतो. एका पेशंटची मॅरो (हाडातला मगज) आली होती, ब्लास्टवर (कच्च्या कॅन्सर पेशींवर) सीडी १९ ठळक, सीडी १० अन् सीडी ७९ए सोबत, हे बी-सेलचे मार्कर, आणि त्याच पेशींत मायलॉइडचं एमपीओसुद्धा. म्हणजे बी/मायलॉइड एमपीएएल. सगळे एमपीएएल मिळूनच अॅक्युट ल्युकेमियात फार तर २ ते ५ टक्के. पण कॅरिओटाइपचं सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, ज्यात पेशी कल्चरला नीट वाढत नाहीत, त्यासाठी हिरव्या झाकणाची हेपरिन ट्यूब लागते. परत मागितली तर डॉक्टर भडकले, पेशंटला पुन्हा टोचायचं काहून, मी एएलएल (लिम्फॉइड पेशींचा अॅक्युट ल्युकेमिया) समजून उपचार सुरू करतो. म्हटलं सर, रक्तातच ब्लास्ट भरपूर आहेत, हाताच्या शिरेतलं चालेल, पण हेपरिनमध्ये द्या अन् आजच द्या. मे महिना, ४५ डिग्री, म्हणून पोऱ्याला बजावलं की गाडीच्या डिक्कीत ठेवू नको अन् बर्फावरही नको.

मेटाफेज (विभाजन होत असलेल्या पेशी, ज्यात क्रोमोसोम दिसतात) बघितले तर २२ नंबरचा क्रोमोसोम आखूड, ९ बदललेला, आणि ११ च्या लांब हातावर भलताच तुकडा. तिघांची अदलाबदल. नेहमीच्या ९-२२ अदलाबदलीला फिशमध्ये (जीनला रंगीत खूण लावून बघायची तपासणी) दोन फ्यूजन, एक लाल, एक हिरवा दिसतो, इथे एकच फ्यूजन, दोन लाल, दोन हिरवे. डॉक्टर म्हणाले पॅटर्न बसत नाही, निगेटिव्ह लिहा. कसं लिहू? बीसीआर-एबीएल१ (दोन जीन जोडून झालेला बिघडलेला जीन) त्या एका फ्यूजनमध्येच आहे, २२ वर, अन् रोग चालवते ती तीच. त्याच जीनची आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली तेव्हा कुठे केमोसोबत टीकेआयची (या बिघडलेल्या जीनचं काम रोखणारी) गोळी सुरू झाली. फ्लोवर थांबलो असतो तर ही गोळी कोणी लिहिली असती?

त्यामुळे मॅरो काढायच्या दिवशीच हेपरिन ट्यूब मागा, लाजू नका, कोणी खर्चाचं कारण दिलं तरी. केएमटी२ए (११ नंबरवरचा जीन) याचीही फिश सांगा. फिलाडेल्फिया (हाच आखूड २२) निघाला तर तिल्ली, बेसोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अन् रक्ताचे जुने काउंट दाखवा, कारण हे आधीच्या सीएमएलचं (हळू वाढणारा मायलॉइड ल्युकेमिया) ब्लास्ट क्रायसिस, म्हणजे अचानक भडकलेली अवस्था असू शकते, तेव्हा त्याला एमपीएएल म्हणत नाहीत.

आणि हो, मी लॅबवाला आहे, औषध तुमचे हिमॅटॉलॉजिस्टच ठरवतील. कॅरिओटाइपला वेळ लागतो, फिश अन् पीसीआर आधी येतात. पेशंट सिरियस असेल तर रिपोर्टसाठी उपचार अडवू नका, फक्त स्टेरॉइड द्यायच्या आधी ती ट्यूब भरून घ्या.