वाचकांचे प्रश्न : शाईची मर्यादा आधी, कर्व्ह नंतर

प्रश्न : काळी-पांढरी छायाचित्रे मी कॉटनच्या मॅट कागदावर क्वाडटोन रिपमधून (काळ्या-राखाडी शाया किती पडाव्यात ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) छापतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापली, स्पेक्ट्रोने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजली आणि एल-आकडे (उजळपणाचे : ० काळा, १०० पांढरा) ‘लिनियराइझ’च्या, म्हणजे छटा समान अंतरावर आणणाऱ्या, ओळीत घातले, पण कर्व्ह (कुठल्या छटेला किती शाई हे सांगणारी फाइल) बनतच नाही, आकडे क्रमाने नाहीत अशी एरर येते. शेवटचे चार आकडे १८.१, १६.९, १६.४, १६.८ आहेत. प्रिंटमध्ये शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे खिळे सावलीत बुडून जातात. काय चुकते? (सदाशिव पेठ)

उत्तर : दोष शेवटच्या दोन आकड्यांत दिसतो. ९५ टक्क्यांना १६.४ आणि १०० टक्क्यांना १६.८, म्हणजे शाई वाढली तरी काळा उजळला. मॅट कागदावरचा शाई शोषणारा थर ठरावीक शाईच धरतो. त्यापुढची शाई वर साचते, पृष्ठभाग किंचित चकाकतो, आणि आकडा उलटा फिरतो. रिपला मात्र प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा गडद लागते. काही जण अशा वेळी १६.८ च्या जागी हाताने १६.३ लिहून एरर घालवतात. तसे करू नका. कर्व्ह बनेल, पण खिळे बुडालेलेच राहतील, कारण शाई तेवढीच पडत राहील.

लिनियरायझेशन बाजूला ठेवा. नॉझल चेक (शाईची सगळी छिद्रे चालू आहेत का ते दाखवणारी छापील रेघांची चाचणी) घ्या. एक रेघ जरी तुटलेली असेल तर पुढची सगळी मोजणी वाया जाते. मग कॅलिब्रेशन मोडमध्ये शाईनिहाय पान छापा. त्यात प्रत्येक शाई सुटी, ५-५ टक्क्यांच्या चौकोनांत येते. गडद काळ्याचा स्तंभ मोजत खाली या. समजा ६० ला १७.५, ६५ ला १६.६, ७० ला १६.२, ७५ ला १६.२ आणि ८० ला १६.५ आले, तर मर्यादा ६५ ते ७० च्या मध्ये धरा. ७५ चा मोह नको : काळा तेवढाच मिळतो, वर शाई ओघळण्याचा धोका. मॅट कागदाला मॅट ब्लॅकच हवी. चुकून फोटो ब्लॅक (चकचकीत कागदाची काळी शाई) बसली असेल तर काळा राखाडीच राहतो, कर्व्हने तो सुधारत नाही.

ही मर्यादा बसवून तेच पान पुन्हा छापा. हलक्या काळ्याचा (राखाडी शाईचा) १०० टक्क्यांचा चौकोन गडद काळ्याच्या कितव्या टक्क्याशी जुळतो ते पाहा. तो आकडा हलक्या काळ्याचे ‘ग्रे व्हॅल्यू’. सर्वांत हलक्या शाईचेही तसेच. ही जुळणी चुकली तर एक शाई संपून दुसरी सुरू होते त्या जागी छटेला खाच पडते, आणि ती आभाळात सगळ्यात आधी दिसते.

आता २१ पायऱ्या छापा. कलर मॅनेजमेंट (छापताना रंग आपोआप बदलणारी सोय) पूर्ण बंद हवे. पट्टी २४ तास उघडी वाळवा, प्रत्येक पायरी तीनदा मोजून सरासरी घ्या. कागद ९६ आणि काळा १६ असेल, तर २० टप्प्यांत ८० चा फरक, म्हणजे दर पायरीला ४. मधली, अकरावी पायरी ५६ वर यायला हवी. नवे आकडे घालून कर्व्ह बसवा आणि पट्टी पुन्हा छापून पडताळा. एखादी पायरी एका अंकाने चुकली तर सोडून द्या. प्रत्येक दशांशामागे धावलात तर कर्व्हला गाठी पडतात.

आणखी एक : प्रदर्शनाच्या दालनात दिवे मंद असले तरी त्यासाठी कर्व्ह बदलू नका, त्या चित्राच्या फाइलमधल्या सावल्या उघडा.

प्रश्न : मे महिन्यात केलेला कर्व्ह जुलैत मधल्या छटा गडद का देतो? (कोथरूड)

उत्तर : कॉटनचा कागद हवेतली ओल पितो. ओल्या कागदावर शाई उशिरा वाळते, ठिपका पसरतो. पुण्यात मेच्या कोरड्या दुपारी आणि जुलैच्या झडीत एकच कर्व्ह चालेल ही अपेक्षाच धरू नका. खोलीत आर्द्रतामापक लावा आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखा. उरलेला कागद त्याच्याच प्लॅस्टिक पिशवीत बंद ठेवा, छपाईच्या काही तास आधी खोलीत काढा. ते जमत नसेल तर पावसाळ्याचा वेगळा कर्व्ह नावात महिना घालून जपा. कागदाचा कोपरा वर उचललेला दिसला तर छापू नका, प्रिंटरचे हेड त्यावर घासते.

प्रश्न : स्पेक्ट्रो परवडत नाही. फ्लॅटबेड स्कॅनर चालेल का? (हडपसर)

उत्तर : चालेल, पण घनता (प्रत्येक पायरीचा गडदपणा) माहीत असलेली परावर्तन पट्टी, म्हणजे कागदावरची तयार पट्टी, शेजारी ठेवून एकाच स्कॅनमध्ये घ्या आणि तुमच्या पायऱ्या तिच्याशी ताडा. स्कॅनर अर्धा तास आधी चालू ठेवा, १६ बिट निवडा, ऑटो एक्स्पोजर आणि शार्पनिंग बंद करा. उजळ आणि मधल्या छटांना हे पुरते. अगदी गडद पायऱ्यांत काचेखालचा विखुरलेला उजेड आकडा वर ढकलतो, म्हणून काळ्याची मर्यादा स्कॅनरवर ठरवू नका. तेवढे एक पान स्पेक्ट्रो असलेल्या कुणाकडून मोजून आणा.