टर्मिनलमध्ये चालतं, क्रॉनमध्ये का नाही?

प्रश्न: मी घरून काम करते, लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आहे. दर २० मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती घे अशी आठवण हवी म्हणून क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) नोटिफाय-सेंडची, म्हणजे स्क्रीनवर मेसेज दाखवणाऱ्या कमांडची, ओळ टाकली. तीच कमांड टर्मिनलमध्ये दिली की लगेच मेसेज दिसतो, पण क्रॉनमधून काहीच येत नाही. शिवाय दुपारच्या गोळीची आठवणही याच पद्धतीने लावू का?

उत्तर: तुमची ओळ बरोबरच असणार. पहिल्या खान्यात स्टार, स्लॅश, २० आणि पुढच्या चारही खान्यांत नुसते स्टार, एवढंच तर लागतं. गोची अशी आहे की क्रॉन मागे गुपचूप चालतं, तुम्ही लॉगिन करून जो डेस्कटॉप उघडलाय त्याचा त्याला पत्ताच नसतो, त्यामुळे नोटिफाय-सेंड चालतं खरं पण मेसेज द्यायचा कुणाला हेच त्याला कळत नाही. हा पत्ता डी-बसच्या (प्रोग्राम ज्यातून एकमेकांना निरोप देतात त्या यंत्रणेच्या) व्हेरिएबलमध्ये असतो. टर्मिनलमध्ये एन्व्ह कमांड द्या, त्या यादीत डीबस सेशन बस ॲड्रेस नावाची ओळ दिसेल, शेवटी बहुतेक रन, युजर, १००० आणि बस असा पाथ असेल, ती अख्खी ओळ जशीच्या तशी कॉपी करून क्रॉनटॅबच्या अगदी वर पेस्ट करा, झालं काम. तासाच्या, म्हणजे दुसऱ्या, खान्यात ९-१७ लिहिलंत तर रात्री कटकट नाही. आणि हो, मेसेजमध्ये टक्क्याचं चिन्ह नको, क्रॉन त्याला नवी ओळ समजतं आणि कमांड तिथेच तुटते.

एकदाच आठवण हवी असेल, समजा कुकर लावलाय, तर क्रॉन कशाला? स्लीप २०एम (म्हणजे २० मिनिटं थांब), मग सेमीकोलन आणि पुढे नोटिफाय-सेंड, बास. फक्त लॅपटॉप झोपला की स्लीपची मोजणीही थांबते हे लक्षात असू द्या.

गोळीसाठी मात्र क्रॉनवर अजिबात विसंबू नका, प्लीज! त्या मिनिटाला झाकण मिटलेलं असेल तर ती आठवण वेळेवर येत नाही, कदाचित नंतरही येणार नाही. त्यापेक्षा ॲट ही ठरलेल्या वेळी एकदाच काम करणारी कमांड बरी (नसेल तर ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने टाकून घ्या), वेळ चुकली तरी मशीन जागं झाल्यावर ते राहिलेलं काम उरकतं, पण ते एका वेळेपुरतंच, रोज नव्याने लावावं लागतं. नोटिफाय-सेंडला डॅश यू क्रिटिकल जोडलंत तर उबुंटूच्या नोम डेस्कटॉपवर मेसेज तुम्ही बंद करेपर्यंत स्क्रीनवर राहतो. तरीही गोळीचा अलार्म फोनवर लावाच, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत असला तर त्यावरचा मेसेज कोण बघणार?