गरोदरपणातल्या मेंदूवर संशोधन करायचंय? आधी क्लोराइडचं गणित सोडव

प्रश्न: मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे (प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान). वहिनीला बाळंतपणानंतर नैराश्य आलं. गरोदरपणातले हार्मोन मेंदूला शांत ठेवतात असं वाचलं, मग असं का झालं? मला यावरच संशोधन करायचंय. आई म्हणते डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) कर, लवकर नोकरी लागेल. काय करू?

उत्तर: हार्मोन किती आहे, हा अर्धाच प्रश्न. ते चिकटायला रिसेप्टर (पेशीवरच्या चिकटायच्या जागा) किती उरलेत, हा उरलेला अर्धा.

वारेतून प्रोजेस्टेरॉन भरपूर येतं. 5-अल्फा रिडक्टेज आणि 3-अल्फा-एचएसडी या दोन एन्झाइमांमुळे त्याचं ॲलोप्रेग्ननोलोन होतं; मेंदूला शांत ठेवणारं म्हणून तू वाचलंस ते हेच. गाबा हे मेंदूतलं शांत करणारं रसायन, आणि त्याचा गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांचं, क्लोराइड आत सोडणारं दार. ॲलोप्रेग्ननोलोन चिकटलं की ते जास्त वेळ उघडं राहतं. सिनॅप्सबाहेरच्या (दोन पेशींच्या जोडाबाहेरच्या), डेल्टा नावाचा तुकडा असलेल्या दारांवर हा परिणाम ठळक दिसतो. तिथूनच मेंदूला संथ, सततचा ब्रेक लागतो. उंदरांमध्ये गरोदरपणाच्या शेवटी ही डेल्टावाली दारं कमी होतात, नाहीतर ब्रेक जास्तच लागेल. मग वार पडते, हार्मोन झपाट्याने उतरतं, पण दारं पुन्हा वाढायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात ब्रेक ढिला. मॅग्वायर आणि मोडी या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की डेल्टा नसलेल्या उंदराच्या माद्या व्याल्यानंतर पिल्लांची नीट काळजी घेत नाहीत. अर्थात बाईचं नैराश्य एवढ्यावरच ठरत नाही. झोप, घरची परिस्थिती, आधीचा आजार, सगळं मोजावं लागतं. वहिनीचे मानसोपचार चालूच राहू देत.

आता तुझं. या विषयात मुलं अडतात ती जीवशास्त्रात नाही, विजेच्या गणितात. वहीत करून बघ: 37 अंश सेल्सियसला क्लोराइडचा समतोल व्होल्टेज (ज्यावर क्लोराइडची आत-बाहेर ये-जा सारखी होते तो, मिलिव्होल्टमध्ये) = 61.5 × लॉग (पेशीतलं ÷ बाहेरचं). आत 8 मिलिमोलर, बाहेर 130 धरलं तर उत्तर उणे 74 च्या आसपास येतं. पेशी उणे 65 मिलिव्होल्टवर असेल तर गाबा तिला शांत करेल. आत 25 केलंस तर उणे 44 येईल, आणि तोच गाबा पेशीला उत्तेजनाकडे ढकलेल.

पॅच क्लॅम्पवर, म्हणजे काचेच्या पिपेटने एकेका पेशीचा करंट मोजताना, हे गणित विसरण्याची चूक नेहमी होते. मेंदूचा सुमारे 300 मायक्रोमीटर जाडीचा काप, 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडलेलं द्रावण, काचेची बारीक पिपेट. पिपेटमध्ये 140 मिलिमोलर क्लोराइड भरलं की समतोल शून्याजवळ जातो आणि उणे 70 वर करंट आतल्या दिशेने दिसतो. शिकाऊ लिहितो, 'गाबाने पेशी चेतवली'. ते क्लोराइड पिपेटमधलं असतं, उंदराचं नव्हे. शिवाय स्टेरॉइड प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, त्यामुळे कापापर्यंत कमीच पोहोचतं. नळी टेफ्लॉनची घे.

म्हणून आयआयटी जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर लक्ष्य ठेव. त्यात बारावीचं गणित-भौतिकशास्त्रही असतं, आणि तुझ्यासारख्यांचे गुण तिथेच जातात. तयारी आतापासून हवी. पुढे बंगळूरचं आयआयएससी, निम्हान्स (तिथलीच मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था), मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र हे पर्याय बघ. एम.फार्म. मनात असेल तर थांब, त्याला बी.फार्म. लागतं. पण अनुभवासाठी लांब जायला नको. अमरावती रोडवरच्या विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि कामठीच्या फार्मसी कॉलेजात ॲलोप्रेग्ननोलोनवर उंदरांत काम झालेलं आहे. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिपही आहे, पण तिचे अर्ज बरेच महिने आधीच निघतात.

आईंची काळजी रास्त आहे. पीएच.डी. धरून सात-आठ वर्षं जातील. मात्र सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. आणि या संशोधनातून औषधं आली आहेत: बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर अमेरिकेत 2019 मध्ये ब्रेक्सानोलोनला मान्यता मिळाली, पण ते 60 तास सलाइनसारखं शिरेतून द्यावं लागे. 2023 मध्ये झुरानोलोन आलं, रोज संध्याकाळी एकदा, 14 दिवस तोंडाने घ्यायचं. डीएमएलटी वाईट नाही, पण त्यातून या प्रयोगशाळेकडे वाट सहसा जात नाही.

विभागातल्या सरांना मेल करताना 'मला मेंदूची आवड आहे' एवढंच लिहू नकोस. वरचं गणित सोडवून जोड आणि विचार: बाळंतपणानंतर पेशीतलं क्लोराइड बदलतं, की फक्त दारं?