कात्रणं भंगारात टाकण्याआधी

प्रिय पुतण्या,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाट्या-बोर्डांच्या दुकानाच्या कोपऱ्यातला कात्रणांचा ढीग वाढत चाललाय आणि भंगारवाला त्यातलं निम्मं उचलत नाही, त्याचं काय करू, असं विचारलंयस. माझ्या मते अडचण कात्रणांची नाही, ढिगाची आहे. तुकडा कटिंग टेबलावर असतो तेव्हा तो कशाचा, किती एमएम, कुठल्या शीटमधला हे तुला तोंडपाठ असतं. कोपऱ्यात गेला की आठ दिवसांत तो नुसता कचरा होतो. म्हणून कापून झाल्या झाल्या मार्करनं त्यावर जाडी आणि रंगाचा नंबर लिही, आणि अॅक्रिलिकवरचा संरक्षक कागद अजिबात सोलू नकोस. ओपल, म्हणजे दुधी पांढरा, सगळा सारखाच दिसतो, पण मागे एलईडी पेटली की दोन कंपन्यांच्या शीटमधला फरक लगेच कळतो.

अॅक्रिलिक आणि सनबोर्ड मात्र कधीही एका खोक्यात ठेवू नकोस. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसीचा तुकडा चुकून कापायच्या लेझरखाली गेला तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो फुप्फुसाला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. शंका आली तर तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल कर, त्या प्लास्टिकला टेकव आणि पुन्हा ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तो तुकडा लेझरला नाही. हे दुकानाबाहेर, उघड्यावर कर.

अॅक्रिलिकच्या छोट्या तुकड्यांचं सगळ्यात चांगलं काम आपल्या लिपीतच आहे. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर घाईघाईत किती बोर्ड लागले ते तुला माहीतच आहे. देवनागरी शब्द शिरोरेषेमुळे एकसंध कापला जातो आणि चिकटायला त्याला भरपूर जागा मिळते. अनुस्वार मात्र सुटा असतो. एवढासा ठिपका, ऊन-पावसात त्याचाच डिंक आधी सुटतो. मग ‘मंगल’चं ‘मगल’ होतं आणि मालक तो बोर्ड तसाच वर्षभर वागवतो. तू प्रत्येक रंगाचे आणि जाडीचे ठिपके, नुक्ते, चंद्रकोरी तीन-चार मापांत कापून डब्यात भरून ठेव. मोठं काम लेझरवर लावशील तेव्हा अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत हे ठिपके बसव, म्हणजे वेगळी शीटही लागत नाही. गिऱ्हाईक दुरुस्तीला आलं की पाच मिनिटांत काम होतं आणि पुढचा बोर्ड ते तुझ्याकडेच करतं.

दिवाळीच्या आधी 2 एमएमच्या तुकड्यांतून रांगोळीचे साचे काप. त्यात ‘शुभ’, ‘लाभ’ अशी अक्षरं घेतलीस तर ‘भ’च्या गाठीचा आणि उकाराच्या पोटाचा भाग तुटून पडणार नाही, अशा तीनेक एमएमच्या पट्ट्या मध्ये सोड. रांगोळीची पूड खाली जायला पुरेसं भोक राहतंय ना, तेही आधी एका तुकड्यावर पाहून घे.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात सांगतो. जुना फ्लेक्स कडब्यावर, लाकडांवर, गाडीवर झाकायला लोक मागतात, त्यांना दे. छपाईची बाजू खाली ठेवा म्हणावं. पण त्यावर पापड-कुरडया वाळवू नका, हे आवर्जून सांग. आणि थंडीत कामगार शेकोटीत फ्लेक्सचे तुकडे टाकतात, ते आजपासून बंद. तो धूर विषारी आहे. प्लॉटरवर (अक्षरं कापायच्या मशीनवर) कापून सोललेल्या व्हायनलच्या, म्हणजे स्टिकरच्या प्लास्टिकच्या, चिकट गुंत्याचं मात्र काही होत नाही. तिथे उपाय एकच. फाइल लावतानाच अक्षरं जवळजवळ बसव, म्हणजे गुंता कमी निघेल.

आता मला मनापासून सांगायचंय ते. रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे उजेड परत फेकणाऱ्या, शीटची बोटभर पट्टीसुद्धा फेकू नकोस. आपल्याकडे सांगली-कोल्हापुरात गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागून येणाऱ्याला त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. आपण सगळ्यालाच रेडियम म्हणतो, पण साधं रंगीत व्हायनल इथे कुचकामी. मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून अंधारात दहा पावलांवरून बघ. उजेड तुझ्याच डोळ्यांकडे परत आला तरच ती पट्टी घे.

पट्टी थेट गाडीच्या फळीला चिकटत नाही, तिथे धूळ आणि शेण असतं. एसीपीचा (दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये प्लास्टिक असलेल्या शीटचा) वीतभर तुकडा घे, कडा कानसीनं घासून काढ, कारण त्याची अॅल्युमिनियमची कड हात कापते. फडक्यानं पुसून त्यावर लाल पट्ट्या लाव, वर दोन भोकं पाड आणि तार ओव. पुढच्या बाजूसाठी पांढऱ्या पट्टीची वेगळी पाटी कर. लाल पाटी गाडीच्या साट्याला बांधायची नाही. ऊस मागे लोंबतो आणि ती झाकून टाकतो. मोळ्यांच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाला, मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्याच्या उजेडात येईल अशी बांधायची, आणि गाडी रिकामी झाली की काढून पुढच्या खेपेला लावायची. तोडणीवाल्यांकडून पैसे घेऊ नकोस. ती माणसं घरदार सोडून बीडकडून, नगरकडून आलेली असतात.

या पाट्या दसऱ्यापर्यंत तयार ठेव. दिवाळीच्या गडबडीत तुला वेळ मिळणार नाही आणि गाड्या त्याच सुमारास यायला लागतात. लाल शीटचे तुकडे कमी पडले तर मला फोन कर. माझ्याकडचे एका खोक्यात भरून एसटीच्या पार्सलनं पाठवतो.

कळावे,
तुझा काका