कुरडईसाठी भिजवलेल्या गव्हातील जिवाणूंचा पोटाला उपयोग होतो का?

थेट प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जिवंत जिवाणू) म्हणून होत नाही, कारण ते जिवाणू ताटापर्यंत जिवंत पोहोचत नाहीत.

खान्देशात चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. तिसऱ्या दिवशी पाण्यावर जो फेस धरतो आणि जो आंबूस वास सुटतो, ते प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे काम असते. आम्लता वाढली की नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंची वाढ मंदावते. शिवाय दाण्यातील फायटेज हे विकर (एन्झाइम) आम्लधर्मी पाण्यात अधिक जोमाने काम करून लोह व जस्त अडकवून ठेवणारे फायटिक आम्ल काही अंशी मोडते. मात्र चीक (भिजलेला गहू वाटून गाळलेले पांढरे सत्त्व) काढताना कोंडा आणि वरची निवळ आपण टाकून देतो, म्हणजे यातला बराच लाभही तिथेच जातो (गुरांना तो मिळतो, हे वेगळे). पुढे चीक रटरटून शिजतो, सोऱ्यातून धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) पडून कडक वाळतो आणि शेवटी तळला जातो.

२०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात दही, किमची यांसारखे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाणाऱ्यांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांची विविधता वाढलेली आढळली. अभ्यास लहान असला, तरी जिवंत जिवाणू हवे असतील तर कुरडईपेक्षा घरच्या ताज्या दह्यावर भिस्त ठेवावी. कुरडई चवीसाठी खावी.